वाचकांचे प्रश्न : रणगाडा हलका केव्हा आणि जड केव्हा?

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाला दिलेल्या भेटीचे टिपण मागील अंकात या सदरात छापले होते. तेथे उभ्या असलेल्या जुन्या रणगाड्यांचा उल्लेख करताना मी ‘हलका’, ‘मध्यम’ आणि ‘जड’ हे शब्द वापरले होते. परंतु ते कशावरून ठरतात, हे सांगायचे राहून गेले. त्यासंबंधी कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीचा पँथर सुमारे ४५ टनांचा होता, तरी त्याला मध्यम रणगाडा म्हणतात, रशियाचा केव्ही-१ जवळपास तेवढ्याच वजनाचा होता, पण तो जड समजला जातो. दहावीच्या वर्गात एका मुलाने याचे कारण विचारले आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. ही वर्गवारी नेमकी कशावर आधारलेली आहे?
— एक इतिहास शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : तुमच्या विद्यार्थ्याने नेमक्या जागी बोट ठेवले आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. हे तीन शब्द वजनकाट्यावरून आल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात सैन्याच्या दप्तरात ती कामांची नावे होती. पुढे जाऊन शत्रूचा माग काढणे आणि सैन्याच्या बाजू राखणे हे हलक्या रणगाड्याचे काम. शत्रूची फळी फुटली की त्या खिंडारातून आत घुसून त्याची पिछाडी उद्ध्वस्त करणे हे मध्यम रणगाड्याचे. आणि मुळात ती फळी फोडणे हे जड रणगाड्याचे. वजन हा त्या त्या कामाचा परिणाम होता आणि म्हणूनच तो देशागणिक आणि वर्षागणिक बदलत गेला.

ही वाटणी पहिल्या महायुद्धातच दिसू लागली होती. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर ब्रिटिशांनी प्रथम रणगाडे उतरवले. तो मार्क-१ सुमारे २८ टनांचा होता, आत आठ माणसे बसत आणि त्याची चाल माणसाच्या चालीहून फारशी अधिक नव्हती. काटेरी तारा चिरडणे आणि खंदक ओलांडणे यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षाही नव्हती. फुटलेल्या फळीतून पूर्वी घोडदळ पुढे जात असे; ते काम करण्यासाठी ब्रिटिशांनी १९१८ मध्ये १४ टनांचा व्हिपेट आणला. त्याच काळात फ्रान्सने साडेसहा टनांचा, दोन माणसांचा रेनो एफटी तयार केला. माझ्या मते या सगळ्यांत दूरगामी महत्त्वाचा हाच होता, कारण चालक पुढे, इंजिन मागे आणि मध्यभागी सर्व बाजूंनी फिरणारा बुरूज ही आज सर्वत्र दिसणारी रचना या लहानशा गाड्याने रूढ केली.

दोन महायुद्धांच्या दरम्यान प्रत्येक देशाने ही कामे आपापल्या समजुतीने वाटून घेतली. ब्रिटिशांनी पायदळाबरोबर चालणारा सावकाश गाडा वेगळा केला आणि धावणारा वेगळा. त्यांचा मटिल्डा पहिल्या प्रकारचा होता. २१ मे १९४० रोजी फ्रान्समधील आरास येथे त्याच्या ७८ मिलिमीटर जाडीच्या चिलखतावर जर्मनांच्या ३७ मिलिमीटर तोफांचे गोळे आपटून परत फिरू लागले, तेव्हा जर्मनांना विमानविरोधी ८८ मिलिमीटर तोफा आडव्या करून त्याला थांबवावे लागले. मात्र या मटिल्डाचा बुरूज इतका लहान होता की ४० मिलिमीटरपेक्षा मोठी तोफ त्यात बसवता येईना, आणि दोन वर्षांतच तो मागे पडला.

येथे बुरुजाखालच्या कड्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण रणगाड्याचे आयुष्य बरेचसे त्या कड्याच्या व्यासावर ठरत असे. बुरूज ज्या गोल कड्यावर फिरतो ते जितके मोठे, तितकी मोठी तोफ मागे धक्का देताना सामावून घेता येते. जर्मनांचा विचार असा होता की पँझर-३ ने शत्रूच्या रणगाड्यांशी लढावे आणि आखूड ७५ मिलिमीटर तोफेच्या पँझर-४ ने त्याला मागून साहाय्य करावे. १९४१ नंतर लांब नळीची ७५ मिलिमीटर तोफ बसवणे भाग पडले, तेव्हा ती पँझर-३ च्या कड्यात मावेना. पँझर-४ चे कडे किंचित मोठे असल्यामुळे तेथे ती मावली. अशा रीतीने साहाय्यकाच्या कामासाठी बांधलेला गाडा मुख्य लढवय्या झाला आणि युद्धाच्या अखेरपर्यंत तयार होत राहिला. हलक्या रणगाड्यांना मात्र ही वाट मोकळी नव्हती. त्यांची कडी मुळातच लहान होती. त्यामुळे चिलखते जाड होत गेली तशा त्यांच्या तोफा निरुपयोगी ठरल्या. सोव्हिएत संघाने १९४३ मध्ये टी-७० हा हलका रणगाडा बनवणे बंद केले आणि त्याच्या सांगाड्यावर तोफगाडी उभी केली, ती याच कारणाने.

आता तुमच्या केव्ही-१ कडे वळतो. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर स्वारी केली, तेव्हा तिच्या सैन्यासमोर दोन अनपेक्षित रणगाडे आले : मध्यम टी-३४ आणि जड केव्ही-१. दोहोंवर ७६ मिलिमीटर तोफ होती आणि दोहोंत व्ही-२ हे डिझेल इंजिन होते. टी-३४ चे पुढचे पोलाद केवळ ४५ मिलिमीटर जाडीचे, परंतु उभ्या रेषेपासून ६० अंशांनी तिरके बसवलेले होते. समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला ते ९० मिलिमीटर भेदावे लागे आणि त्याखेरीज गोळा घसरून जाण्याचा संभव वेगळाच. केव्ही-१ चे चिलखत जाड होते, पण त्यासाठी तो टी-३४ पेक्षा दीडपटीहून अधिक वजन वाहत होता. त्याच्या गिअरबॉक्सला तो भार झेपत नसे आणि लहान पुलांना तर नाहीच. त्याचे गोळे टी-३४ पेक्षा अधिक काही करू शकत नव्हते. तेव्हा त्याचे उत्पादन बंद पडणे अपरिहार्य होते, असे मला वाटते. जड रणगाड्याला पुन्हा अर्थ आला तो १२२ मिलिमीटर तोफेच्या सोव्हिएत आयएस-२ मुळे, कारण तटबंदी फोडण्याचे जे काम टी-३४ ला जमत नव्हते, ते तो करू शकत होता.

टी-३४ ला उत्तर म्हणून जर्मनांनी पँथर बांधला. त्याने पँझर-३ आणि पँझर-४ यांची जागा घ्यावी आणि चिलखती डिव्हिजनच्या नेहमीच्या तुकड्यांत चालावे, असा हेतू होता. म्हणून ४५ टनांचा असूनही तो मध्यम. जर्मनांचाच टायगर मात्र स्वतंत्र जड बटालियनमध्ये ठेवून जेथे फळी फोडायची असेल तेथे पाठवला जाई. आयएस-२ हा पँथरहून जेमतेम एखाद्या टनाने अधिक असेल, पण त्याच्याही वेगळ्या रेजिमेंट होत्या. म्हणून तो जड. अमेरिकेचा सुमारे ४२ टनांचा पर्शिंग १९४५ मध्ये जड म्हणून रणांगणावर आला आणि १९४६ मध्ये कागदोपत्री मध्यम झाला. एवढे एक उदाहरण तुमच्या विद्यार्थ्याला पुरेसे ठरावे.

याचा अर्थ वजनाला महत्त्व नव्हते असा मात्र नाही. गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर काळ्या रानात रुतला की काय होते, हे आपल्या जिल्ह्यात कोणालाही सांगावे लागत नाही. रशियाच्या वसंतातील चिखलात सैन्याच्या गाड्यांची तीच गत होत असे. टी-३४ चे पट्टे अर्ध्या मीटरहून रुंद होते, त्यामुळे वजन पसरून तो पुढे निघून जाई. अरुंद पट्ट्यांचा पँझर-४ तेथेच अडकून पडे. टायगरचे पट्टे तर ७२ सेंटिमीटरच्या वर रुंद होते, परंतु त्या रुंदीने तो रेल्वेच्या वाघिणीबाहेर येई. म्हणून प्रवासासाठी बाहेरची चाके काढून ५२ सेंटिमीटरचे दुसरे पट्टे चढवावे लागत आणि उतरल्यावर पुन्हा सगळे उलट करावे लागे. हा ५७ टनांचा गाडा वाटेत बंद पडला, तर त्याला ओढण्यासाठी सर्वांत मोठी तीन ओढगाडी वाहने जोडावी लागत. समोरासमोरच्या लढाईत टायगरला तोड नव्हती, हे मी मान्य करतो. तथापि, असे रणगाडे सुमारे १,३५० च झाले आणि टायगर-२ तर ५०० सुद्धा झाले नाहीत. उलट अमेरिकेच्या शेर्मनची संख्या ४९ हजारांच्या घरात गेली आणि टी-३४ ची ५० हजारांच्या वर.

प्रश्न : मी गेली बावीस वर्षे फाउंड्रीत मोल्डिंगचे काम करतो. रणगाड्याचा बुरूज ओतीव असतो असे ऐकले. एवढे मोठे कास्टिंग गोळ्याला कसे टिकते? आणि लाटलेल्या पोलादाच्या प्लेटा जोडून तो का करत नसत?
— एक कामगार, शिरोली औद्योगिक वसाहत

उत्तर : हे पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण रणगाड्यांच्या इतिहासात सेनापतींविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाविषयी फार थोडे.

दोन्ही रीती प्रचारात होत्या. समान जाडीचे ओतीव पोलाद लाटलेल्या पोलादाहून थोडे कमकुवत ठरते, कारण लाटताना धातूचे कण दाबले जाऊन घट्ट बसतात आणि ओतकामात ते होत नाही. शिवाय आत हवेची पोकळी राहिली तर काय होते, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. परंतु ओतकामाचा मोठा लाभ असा की हवा तो गोल आकार एकाच तुकड्यात मिळतो, जेथे गोळा बसण्याचा संभव अधिक तेथे जाडी वाढवता येते, आणि गोलाईवर गोळा घसरतो. म्हणून शेर्मनचा बुरूज सर्व प्रकारांत ओतीवच राहिला आणि त्याच्या एम४ए१ या प्रकारात तर वरचे संपूर्ण अंगच ओतून काढलेले होते. त्याच शेर्मनच्या इतर प्रकारांत अंग प्लेटा वेल्डिंगने जोडून केले, कारण तेवढे मोठे ओतकाम करू शकणाऱ्या फाउंड्री पुरेशा नव्हत्या. यांत एक रीत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असा निवाडा नव्हता. ज्या कारखान्याकडे जी सामग्री होती, तिच्याप्रमाणे गाडा घडत गेला.

यांहून जुनी तिसरी रीत होती, ती रिव्हेटची, आणि ती मात्र घातक ठरली. गोळा चिलखत भेदू शकला नाही, तरी त्याच्या धक्क्याने रिव्हेटचे डोके तुटून बंदुकीच्या गोळीसारखे आत उडे आणि आतला माणूस दगावे. युद्धाच्या मध्यापर्यंत बहुतेक देशांनी ती सोडून दिली.

सोव्हिएत संघाची हकीकत तुम्हाला विशेष रुचेल. १९४१ च्या शरदात जर्मन सैन्य जवळ आले, तेव्हा खारकीव्ह येथील टी-३४ चा कारखाना यंत्रांसह रेल्वेने उरल पर्वताकडे निझ्नी तागील येथे हलवण्यात आला; चेल्याबिन्स्कला तर इतके कारखाने एकत्र आले की लोक त्या गावाला ‘टँकोग्राड’ म्हणू लागले. कुशल वेल्डर आघाडीवर गेले होते आणि त्यांच्या जागी स्त्रिया आणि अल्पवयीन मुले उभी होती. वेल्डिंगचे शास्त्रज्ञ येव्हगेनी पॅटन यांच्या कीव्हहून हलवलेल्या संस्थेने भुकटीच्या थराखाली आपोआप चालणारे वेल्डिंग तेथे रूढ केले, ज्यामुळे नवशिक्या हातांनाही चिलखताचा सांधा भरवशाने जोडता येऊ लागला. टी-३४ च्या ओतीव बुरुजावर साच्याचा खरखरीतपणा तसाच दिसतो. जेथे कडे बसायचे आणि जेथे तोफ बसायची तेवढ्याच जागी मशीनिंग केलेले आढळते. काही लोक त्याला ओबडधोबड म्हणतात. मला त्यात हिशेब दिसतो : ज्या पृष्ठभागाला काम नाही, त्याच्यावर एकही तास खर्च करायचा नाही.

प्रश्न : इंग्रजीत ‘टँक’ म्हणजे तर पाण्याची टाकी. मग हे नाव कसे पडले?
— एक गृहिणी, शिवाजी पेठ

उत्तर : गुप्ततेसाठी. १९१६ मध्ये इंग्लंडमधील कारखान्यात हे प्रचंड लोखंडी सांगाडे तयार होत असताना, ते पाणी वाहून नेण्याच्या टाक्या आहेत असे सांगण्यात आले आणि तेच नाव पुढे कायम झाले. आपला ‘रणगाडा’ हा शब्द मला त्याहून कितीतरी अर्थवाही वाटतो.

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. डोंगरावर चढणाऱ्या रणगाड्यांच्या आठवणी ते सांगत असत. ब्रह्मदेशाच्या जंगलात रणगाडे खरोखर चालले का, आणि ते कोणत्या प्रकारचे होते?
— एका माजी सैनिकाची नात, सैनिक टाकळी

उत्तर : आजोबांची आठवण अगदी खरी आहे. युरोपात जे रणगाडे जुने ठरले होते, तेच ब्रह्मदेशात आणि मणिपुरात निर्णायक ठरले, आणि याची जाणीव आपल्याकडे फार कमी आहे.

१९४२ मध्ये माघार घेताना तेथे स्ट्युअर्ट हे अमेरिकी बनावटीचे हलके रणगाडे होते. ते रंगूनपासून सैन्याला पाठीशी घालत आले, परंतु चिंदविन नदीपाशी त्यांना पार नेण्याचे साधन उरले नाही आणि जवळजवळ सर्व रणगाडे आपल्याच हातांनी निकामी करावे लागले. केवळ एक पलीकडे पोहोचला. पुढे बुरूज काढून तोच सातव्या लाइट कॅव्हलरी या भारतीय रेजिमेंटच्या कामी आला.

१९४४ मध्ये जपानी सैन्य इंफाळभोवती आले, तेव्हा तेथे ली हे मध्यम रणगाडे होते. ७५ मिलिमीटरची तोफ बुरुजात न बसवता अंगाच्या उजव्या बाजूस बसवलेला हा उंच गाडा आफ्रिकेत मागे पडला होता, कारण तोफ वळवण्यासाठी बहुधा सगळा गाडाच वळवावा लागे. परंतु जपान्यांकडे रणगाडाभेदी तोफा थोड्या होत्या आणि त्यांचा हा-गो हा स्वतःचा रणगाडा साडेसात टनांच्या आतला, १२ मिलिमीटर चिलखताचा. १३ एप्रिल १९४४ रोजी नुनशिगुम नावाच्या उंच टेकडीवर थर्ड कॅराबिनियर्स या ब्रिटिश रेजिमेंटचे ली रणगाडे डोग्रा पायदळाबरोबर चढले. चढ इतका तीव्र आणि धार इतकी अरुंद होती की तेथे रणगाडा येईल, असे जपान्यांच्या मनातही नव्हते. पुढचा रस्ता दिसावा म्हणून अधिकाऱ्यांना डोके झाकणाबाहेर काढावे लागत होते, आणि त्यामुळे रणगाड्यांचे आणि पायदळाचे अधिकारी एकामागून एक पडले. शेवटी एका सार्जंट मेजरने रणगाडे पुढे नेले आणि टेकडी हाती आली. तुमच्या आजोबांनी जे सांगितले ते याच लढाईविषयी होते की अशाच एखाद्या दुसऱ्या चढाईविषयी, हे त्यांच्या पलटणीच्या नोंदीवरून कळू शकेल. ती कागदपत्रे घरात असतील तर कृपा करून जपून ठेवावीत.

१९४५ मध्ये इरावती ओलांडून मेक्तिलावर जी धडक दिली गेली, तिच्यात प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या भारतीय रेजिमेंटांचे शेर्मन होते. तेथील कोरड्या माळावर त्यांना धावायला जागा मिळाली. रणगाड्यांना थांबवण्याचे दुसरे साधन नव्हते, म्हणून जपानी सैनिक खड्ड्यात विमानाचा बॉम्ब घेऊन बसत आणि रणगाडा डोक्यावर येताच दगडाने त्याचा फ्यूज ठोकायचा, असा त्यांना हुकूम असे. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्ट्युअर्ट त्यानंतर आणखी एकदा दिसले, तेही डोंगरातच. १ नोव्हेंबर १९४८ रोजी साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी ला खिंडीत जनरल थिमय्या यांनी ते नेले. गुप्तता राहावी म्हणून बुरूज काढून ते जम्मूहून आणले होते आणि मद्रास सॅपर्सनी बालतालपासून वाट तयार केली होती. युरोपात कधीच मागे पडलेल्या त्या हलक्या गाड्यांनी खिंड मोकळी केली, आणि त्यामुळे द्रास आणि कारगिलची वाट खुली झाली. त्या उंचीवर जड रणगाडा पोहोचलाच नसता.

प्रश्न : आता हलके, मध्यम आणि जड असे रणगाडे आहेत का? आपल्या सैन्याचा कोणता कोणत्या प्रकारात येतो?
— अकरावी विज्ञानचा विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : युद्ध संपता संपता ब्रिटिशांचा सेंच्युरियन तयार झाला. तो १९४५ च्या मे महिन्यात युरोपात पोहोचला आणि तोवर लढाई आटोपली होती. त्याची तोफ जड रणगाड्याच्या बरोबरीची होती आणि चाल मध्यमाची. १९६५ मध्ये पंजाबातील असल उत्तर येथे पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर आपल्या सैन्याने जे उभे केले, त्यांत हेच सेंच्युरियन होते आणि फिलोराच्या लढाईत पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर यांनीही तोच रणगाडा चालवला. इंजिने समर्थ झाली आणि एकच गाडा तिन्हींपैकी दोन कामे करू लागला, तेव्हा मध्यम आणि जड हा भेद उरला नाही; अशा रणगाड्याला आता मुख्य रणगाडा म्हणतात. आपला अर्जुन एमके-१ए हा ६८ टनांचा आहे, म्हणजे टायगरहूनही बराच वजनदार; तरी त्याला कोणी ‘जड’ म्हणत नाही. टी-७२ आणि टी-९० हे चाळीस टनांच्या वरचे आहेत आणि तेही मुख्य रणगाडेच.

हलक्या रणगाड्याची गरज मात्र संपली नाही. १९६२ मध्ये लडाखमधील चुशूलच्या रक्षणासाठी विसाव्या लान्सर्सचे एएमएक्स-१३ हे सुमारे १५ टनांचे रणगाडे विमानातून नेता आले, कारण ते तेवढे हलके होते. २०२० मध्ये लडाखमध्ये तणाव वाढला, तेव्हा टी-७२ आणि टी-९० तेथे पोहोचवले गेले. परंतु विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते आणि चढावर प्रत्येक टन जाणवतो. त्यानंतर डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रो यांनी मिळून जोरावर हा २५ टनांचा, १०५ मिलिमीटर तोफेचा रणगाडा विकसित केला. जुलै २०२४ मध्ये तो सुरतजवळच्या हजीरा येथे प्रथम दाखवण्यात आला आणि त्याच वर्षी वाळवंटात आणि अतिउंचावर त्याच्या चाचण्या झाल्या. ज्या जनरल जोरावरसिंह यांचे नाव त्याला दिले आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकात आपले सैन्य घेऊन लडाखचे तेच डोंगर ओलांडले होते.